फोर्टातल्या फुकट गॅलरीत आम्ही रापण ओढली

फुकट ह्या शब्दावर माझा विश्वास नाही. नोकरीची सगळी वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आणि तिथे शिकले ते एवढंच, की "एकच शब्द बोलायचाय" म्हणणारा माणूस सगळ्यांत मोठं बिल करून उठतो. त्यामुळे शेजारची शेवंती मोबाइल घेऊन माझ्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "गो फिलू, आमच्या चेडवाचा मुंबयत प्रदर्शन लागला हा. आत जावक पैशे लागनत नाय," तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "मगे भायर येवक लागतत?"

शेवंती हसली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की प्रकरण गंभीर आहे.

तन्वी ही शेवंतीची एकुलती एक मुलगी. मुंबईत चित्रकला शिकली आणि तिथेच राहिली. हल्ली चित्रं कमी काढते, वस्तू जास्त मांडते. शिमगा झाल्यावर ती एकदा टेम्पो घेऊन गावी आली. तिचा बाप जगन्नाथ तेव्हा रेडीला भाच्याच्या लग्नाला गेला होता. तन्वीने आईला विचारलं, आईने मान हलवली, आणि मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपीत, पडून असलेली जुनी रापण दोरासकट मुंबईला गेली. जगन्नाथ लग्नाचे लाडू घेऊन परत आला तर मांगर रिकामा. त्या दिवसापासून त्याने मुलीशी बोलणं टाकलं. तिचा फोन आला की तो उठून माडांना पाणी घालायला जातो. भर पावसातसुद्धा.

ज्यांना रापण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांनी दोन रांगा करून ते ओढायचे. जाळं वाळूत आलं की मासळीचे वाटे घालतात. ज्याचा दोराला हात लागला त्याला वाटा मिळतोच, मग तो गावचा असो, वाटसरू असो, नाहीतर फोटो काढायला आलेला पुण्याचा पर्यटक असो. आमच्याकडच्या रापणीचा म्होरक्या जगन्नाथ. वाटे त्याने घालायचे. पुढे माणसं मिळेनाशी झाली, मासळीही मिळेनाशी झाली आणि रापण बसली. बाकीच्यांनी आपापल्या जाळ्यांची कुंपणं केली. जगन्नाथने आपलं जाळं मांगरात ठेवलं आणि कुणाला हात लावू दिला नाही.

आता तन्वीचा निरोप आला होता. प्रदर्शन रविवारी संपतंय. बाबा बघायला आले नाहीत तर ती चतुर्थीला घरी येणार नाही.

कोकणाबाहेरच्या वाचकांना ह्यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडे माणूस स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचेल, पण चतुर्थी चुकवायचा नाही. माझ्या घरी गणपती नसतो, तरी शेजारच्या आरतीला माझी झांज ठरलेली आहे.

"ती खरीच येवची नाय गो," शेवंती म्हणाली. "बापाशीवर गेली हा."

मी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याजवळ गेले. पलीकडे जगन्नाथ नारळ सोलत होता.

"रे जगनाथा, मी आणि शेवंती मुंबयक जातंव. पेज शिजवूक येता मां तुका?"

"कित्याक जातास?"

"गॅलरी बघूक."

"माका गॅलरी-बिलरी नको."

"तुका कोण बोलयता?"

त्याने आणखी दोन नारळ सोलले. मग म्हणाला, "भाऊच्या धक्क्यार माझा काम आसा." हे काम म्हणजे आमची मासळी संपवणाऱ्या तिथल्या ट्रॉलरवाल्यांना तोंडावर शिव्या घालणं. कित्येक वर्षं ते राहूनच गेलं होतं. मी त्याचंही तिकीट काढायला सांगितलं.

आता कामाच्या गोष्टी. चतुर्थीच्या आधीच्या दिवसांत मुंबईकडे जाणारी गाडी सहज मिळते, कारण सगळी मुंबई उलट्या दिशेने येत असते. परतीचं तिकीट मात्र जाण्याआधी हातात असू द्या, नाहीतर मुंबईतच गणपती बसवावा लागेल. मालवण ते कणकवली आम्ही एसटीने गेलो. बायकांना अर्धं तिकीट आहे. रस्त्याची दशा बघता तेही जास्तच वाटलं. कणकवलीला स्टेशन गावापासून थोडं बाजूला आहे, तेव्हा रिक्षाचं आधी बोलून घ्या. रिक्षावाल्याने माझा फ्रॉक बघून गोव्याच्या पाहुणीचा दर सांगितला. मी त्याला मालवणीत त्याच्या आईचं नाव विचारलं. दर खाली आला.

गाडीत समोर ठाण्याच्या एक बाई होत्या. बोगदे सुरू झाले तशा त्यांनी चौकशा सुरू केल्या.

"तुम्ही गोव्याच्या का?"

"नाही, मालवणच्या."

"पण फ्रॉक...?"

"फ्रॉकही मालवणचा. शिंपीसुद्धा."

"पण मराठी किती छान बोलता हो तुम्ही."

"तुम्हीपण," मी म्हटलं.

त्यानंतर चिपळूणपर्यंत शांतता लाभली. नन्सनी मला शाळेत शिकवलं होतं, की उत्तर देताना आवाज चढवू नये. आवाज न चढवता काय काय करता येतं हे मात्र माझं मी शिकले. चिपळूणला शेवंतीने डबा उघडला. तिचा श्रावण, म्हणून घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. माझा श्रावण नसतो, म्हणून मी सुक्या बांगड्याची कोशिंबीर वेगळ्या डब्यात आणली होती. ठाण्याच्या बाई तो डबा बघत राहिल्या. शेवटी मीच त्यांच्यापुढे केला. त्यांनी दोनदा घेतली आणि आमची मैत्री झाली.

जगन्नाथ खिडकीला डोकं टेकून बसला होता. मुलीचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही काढला नाही. पनवेल गेल्यावर त्याने बाहेरच बघत विचारलं, "दोर आख्खो ठेयल्यान, काय कापल्यान?"

शेवंतीने माझ्या पायावर पाय दिला.

"माका काय म्हायत?" ती म्हणाली. "बघ जावन."

माझगावला माझी मावसबहीण एस्पी राहते, तिच्याकडे उतरलो. तिचं घर एवढं लहान आहे, की एकाने कूस बदलायची तर बाकीच्यांना कळवावं लागतं. पण तिथून भाऊचा धक्का जवळ आणि फोर्टही टॅक्सीने फार लांब नाही. ज्यांचं माझगावात कुणी नाही त्यांनी सोयीचं हॉटेल शोधावं. एस्पीचा पत्ता मी देणार नाही.

दुसऱ्या दिवशी जगन्नाथ उजाडायच्या आत धक्क्यावर जाऊन आला आणि अत्यंत आनंदात होता, कारण दोघांशी भांडण झालं होतं. एस्पीने त्याला आंघोळ करायला लावली. तरी टॅक्सीवाल्याने काचा खाली घेतल्या.

गॅलरीचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे मी तिथल्या लोकांबद्दल जे लिहिणार आहे ते त्यांना आवडणार नाही. फोर्टात जुन्या दगडी इमारतींच्या ओळीत आहे. कुणालाही विचारा. पायऱ्या चढून आत जायचं, पिशवी काउंटरवर द्यायची, बिल्ला घ्यायचा. तिकीट नाही. मी देणगीची पेटी शोधली. नव्हती. सही करायची वही शोधली. तीही नव्हती. कुणी अडवेना तेव्हा मला उगाच चुकल्यासारखं वाटलं. आत उत्तम एसी आहे, बसायला बाकं आहेत आणि स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ आहे. एवढं सगळं मुंबईत फुकट मिळतं आणि ही बातमी आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितली नाही, ह्याचा मला रागच आला. चहा मात्र बाहेर प्या. आतल्या कॅन्टीनमधल्या चहाच्या किमतीत कणकवलीला जेवण होतं.

जगन्नाथ आत आलाच नाही. "मी हयच बसतंय," म्हणून तो पायरीवर बसला आणि त्याने पाठ इमारतीकडे केली. शेवंतीचा चेहरा उतरला. मी तिला दंडाला धरून आत नेलं. म्हटलं, आधी आपण तर बघूया.

पहिल्या दालनात चित्रं होती. एका चित्रात अर्धा फणस होता. शेवंतीने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि निर्णय दिला, "बरको आसा." म्हणजे मऊ, बुळबुळीत गऱ्यांचा. पुढे एक भिंतभर निळा कॅनव्हास होता, त्यावर दुसरं काहीच नाही. पांढरा लिननचा कुडता घातलेले एक गृहस्थ त्याच्यासमोर डोकं तिरकं करून उभे होते. त्यांनी मला न विचारता समजावलं, की हा समुद्र आहे.

"मी समुद्राच्या शेजारी राहते," मी म्हटलं. "तो इतका वेळ गप्प बसत नाही."

त्यांनी खिशातून फोन काढून हे वाक्य टिपून घेतलं. तिथपासून ते आमच्या मागे मागेच आले.

मग एक कमान आणि त्यापलीकडे तन्वीचं दालन. तन्वी तिथे नव्हती. कॅन्टीनमध्ये गेली होती, असं नंतर कळलं. दालन पांढरं, मोठं आणि जवळजवळ रिकामं. समोरच्या भिंतीला जमिनीलगत एक रुंद, काळोखी फट ठेवलेली. त्या फटीतून दोन जाड दोर बाहेर आले होते आणि कमरेएवढ्या उंचीवर ताणत दालनाच्या ह्या टोकाला वाळूच्या पेटीत रोवलेल्या दोन खुंटांना बांधले होते. बस, एवढंच. जाळं दिसत नव्हतं. ते त्या काळोखात कुठेतरी होतं. भिंतीवर नाव होतं, ‘येता आसा’, म्हणजे येतंय.

सात-आठ माणसं हात पाठीमागे बांधून, चर्चमध्ये चालतात तशी, दोरांच्या कडेने चालत होती. दोन कॉलेजच्या मुली कुजबुजत होत्या. कोपऱ्यात गार्ड.

पुढचं कसं झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण विचार करायला मध्ये जागाच नव्हती. किनाऱ्यावर तुम्ही बाजाराला चालला असाल, मयताहून येत असाल, नवऱ्याशी भांडून माहेरी निघाला असाल, पण समोर ताणलेला दोर दिसला आणि त्याच्यावर माणूस नसलं, तर हात तिकडे जातो. दोर समुद्राकडे परत जाऊ द्यायचा नसतो. शेवंतीने पदर खोचला, पेटीतल्या वाळूत पाय रोवले, दोन्ही हात दोरावर टाकले आणि अंग मागे झोकलं. मी तिच्या मागे होते. माझी पर्स गळ्यात कशी गेली मला कळलं नाही. पहिल्याच हिसक्याला खुंटावरची गाठ सुटली, दोर मोकळा होऊन आमच्या हातात आला आणि शेवंतीच्या छातीतून तो आवाज निघाला, जो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"हैसाऽऽ"

पांढऱ्या दालनात तो असा घुमला, की पहिल्या दालनातली माणसं कमानीत आली.

"मॅडम, मॅडम, सोडा, सोडा," गार्ड धावत आला. ह्याचं नाव महादेव, साताऱ्याकडचा. त्याने दोर धरला आणि आमच्या हातून सोडवून घ्यायला खेचला. खेचला तो आमच्याच दिशेने. दोर आणखी हातभर आला. कॉलेजच्या मुलींना वाटलं हे असंच असतं, कार्यक्रमाचा भाग आहे. त्या खिदळत दुसऱ्या दोराला लागल्या. लिननवाले म्हणाले, "ओह, सहभाग अपेक्षित आहे तर," आणि बाह्या सारून त्यांच्या मागे.

"हैसाऽऽ"

आणि बाहेर पायरीवर पाठ करून बसलेला जगन्नाथ आत आला. धावत आला. एक वहाण पायात, एक कुठेतरी. बायकोचा रापणीवरचा आवाज ऐकून बसून राहायचं हे त्याच्या पायांना माहीत नव्हतं. काउंटरवरची मुलगी "सर, बिल्ला, सर" करत मागे. त्याने कुणाकडे बघितलं नाही. दोन दोरांच्या मधे उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून आमचा ताल धरायला लागला. ह्या दोराला ढील, त्या दोराला जोर. त्याच्या हाताबरोबर आम्ही सगळे, महादेव गार्डसुद्धा, मागे गेलो आणि पुढे आलो.

फटीच्या आत काहीतरी धप्पकन पडलं. तन्वीने जाळं पक्कं राहावं म्हणून वाळूची पोती लावली होती, ती गडगडली. मग जाळं आलं. काळोखातून सरसरत बाहेर आलं आणि त्या चकचकीत फरशीवर पसरलं. त्याच्याबरोबर मालवणची वाळू आली, शिंपले आले, वाळलेल्या खेकड्याची एक नांगी आली.

सगळे दमून, हसत, एकमेकांच्या अंगावर रेलून उभे होते. लिननवाले घामाने भिजले होते आणि त्यांना ते आवडलं होतं. मी कित्येक वर्षांत इतकी हसले नव्हते. माझा गुडघा दुखायचाच विसरला.

तेव्हा कमानीत तन्वी दिसली. हातात चहाचा कप.

हसणं थांबलं. ती जाळ्याकडे बघत होती, मग बापाकडे. जगन्नाथ खाली बसून जाळ्याची वाळू झटकत होता. "बाबा," ती म्हणाली. त्याने मान वर केली नाही. उठला, घसा साफ केला आणि तहसील कचेरीत बोलतात त्या मराठीत सगळ्यांना विचारलं, "आपणापैकी किती जणांनी दोराला हात लावला, ते कृपया सांगावे."

शाळेतल्यासारखे हात वर झाले. महादेवचा झाला नाही.

"ह्याने पण लावलाय," मी म्हटलं.

"मी सोडवत होतो," महादेव म्हणाला.

"सोडवीत होता काय ओढीत होता, ते मासळीला कळत नाही," जगन्नाथ म्हणाला. "उद्या सकाळी फाटकावर यावे. पिशवी आणावी." आणि एक वहाण घालून तो निघून गेला. तन्वीच्या शेजारून गेला, पण तिच्याशी एक अक्षर बोलला नाही.

मग गॅलरीची संयोजिका आली. गळ्यात ओळखपत्र, कपाळाला आठ्या. तिने मला इंग्रजीत सांगितलं, की हात लावू नये असा फलक आहे आणि तो आम्ही वाचायला हवा होता. मी तिला नन्सच्या इंग्रजीत सांगितलं, की फलक फक्त इंग्रजीत आहे, तोही गुडघ्याच्या उंचीवर, मुंगीसाठी लावल्यासारखा. मला इंग्रजी येतं हा तुमचा गुण नाही. शेवंतीला येत नाही हा तिचा दोष नाही. महाराष्ट्रातल्या लोकांच्या गॅलरीत मराठीला भिंतीवर जागा नाही का? ती म्हणाली, मुद्दा तो नाही, कलाकृती बिघडली आहे. हे खरंच होतं, म्हणून मी आवाज आणखी हळू केला. शेवटी तन्वीच मध्ये पडली. "असूदे. आजच्या दिवस असंच राहूदे," ती म्हणाली. ती रागावली होती की काय ते मला कळेना. शेवंती तिचा हात धरून उभी होती. संध्याकाळी माझगावला परत जाताना शेवंतीने टॅक्सीत एकच वाक्य उच्चारलं.

"आता तर ती नक्कीच येवची नाय."

जगन्नाथ पुढच्या सीटवर होता. त्याने ऐकलं.

शनिवारी सकाळी त्याने मला धक्क्यावर नेलं, कारण त्याला आदल्या दिवशीच्या भांडणानंतर एकट्याने जायचं नव्हतं. जायचं असेल तर उजाडता उजाडता जा, चांगल्या वहाणा घालू नका आणि पहिला सांगितलेला भाव हसण्यावारी न्या. आम्ही बांगड्यांची एक टोपली घेतली आणि वर थोडी कोळंबी. ती डिकीत घ्यायला तयार होईल असा टॅक्सीवाला तिसरा भेटला. तो रत्नागिरीचा निघाला.

फाटकाशी सगळे हजर होते. मला वाटलं नव्हतं. कॉलेजच्या मुली आपापल्या आयांच्या भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या होत्या. महादेव ड्युटी सुरू व्हायच्या आधी, साध्या शर्टात. लिननवाल्यांनी स्टीलचा डबा आणला होता, पाहुण्यांकडे खीर पाठवतात तसा. संयोजिकासुद्धा आली होती, लक्ष ठेवायला. तन्वी फाटकाच्या आत उभी होती.

जगन्नाथने फुटपाथवर केळीचं पान पसरलं आणि वाटे घालायला बसला. एक बांगडा इकडे, एक तिकडे, मोठ्याला लहान जोडून, सगळे सारखे. पाऊस भुरभुरत होता. एक हवालदार मोटरसायकल थांबवून म्हणाला, "आजोबा, इथे मासे विकायला परवानगी नाही."

"विकता कोण?" जगन्नाथने वर न बघता विचारलं. "वाटे आसत."

"कसले वाटे?"

"रापणीचे," लिननवाले म्हणाले. "आम्ही काल ओढली. आत." त्यांनी दगडी इमारतीकडे बोट केलं. हवालदाराने आमच्याकडे, मग इमारतीकडे, मग पानाकडे बघितलं आणि मोटरसायकल सुरू केली. मला अजून वाटतं, त्यालाही एक वाटा हवा होता.

प्रत्येकाने आपला वाटा उचलला. शेवंतीचा वाटा श्रावणामुळे माझ्याकडे आला, त्याबद्दल मी तिच्या आणि माझ्या अशा दोन्ही देवांचे आभार मानले. संयोजिकेने हात मागे घेतले. "मी दोराला हात लावला नव्हता," ती म्हणाली.

"काल संध्याकाळी जाळं कोणी गोळा करून ठेवलं? मी दारातून बघितलं," जगन्नाथ म्हणाला.

त्याने तिच्या हातात दोन बांगडे दिले. ते कसे धरायचे हे तिला माहीत नव्हतं, पण तिने सोडले नाहीत.

पानावर एक वाटा उरला. सगळ्यांत मोठा, वर कोळंबी. रापणीत माणसांचे वाटे झाले की जाळ्याचा एक वाटा वेगळा काढतात. तो ज्याचं जाळं त्याचा. आमच्या किनाऱ्यावर तो वाटा जगन्नाथच उचलत आला होता, आणि त्याच्या आधी त्याचा बाप. त्यामुळे तो आता उचलेल म्हणून मी पिशवी पुढे केली.

तो उठला, फाटकाकडे वळला आणि शिमग्यानंतर पहिल्यांदा मुलीशी बोलला.

"उचल."

तन्वी जागची हलली नाही. "बाबा, ह्यो जाळ्याचो वाटो."

"मगे?"

"तो तुमचो."

"जाळा खंय आसा?"

"वरती. हॉलात."

"हॉल कोणाचो ता माका म्हायत नाय," जगन्नाथ म्हणाला. "जाळा तुझा. उचल बेगीन, पाऊस इलो."

तन्वीकडे पिशवी नव्हती. पाठीला चित्रांच्या गुंडाळ्या ठेवायची लांब नळी होती. तिने गुंडाळ्या काढून मुलींच्या हातात दिल्या आणि बांगडे एकेक करून त्या नळीत सोडले. रडत होती आणि हसत होती. तन्वी श्रावण पाळत नाही, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. शेवंतीने तोंड फिरवून पदराने नाक पुसलं. मी पावसाला दोष देत चष्मा पुसला.

मग जगन्नाथ गॅलरी बघायला गेला. रीतसर, दोन्ही वहाणा पायात आणि हातात बिल्ला. तिच्या दालनात तन्वी सांगत होती आणि तो जाळं, दोर, वाळूची पोती उचलून ठेवत होता. "हय काय थंय?" तो विचारायचा. ती म्हणायची, "थंय." आणि तो थंय ठेवायचा. ह्या माणसाने आयुष्यात कुणाचं ऐकून होडीची दोरीसुद्धा सोडली नव्हती. दोर पुन्हा ताणले गेले. दुपारी भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर नवा फलक लागला, मोठ्या मराठी अक्षरांत: हात लावा. संयोजिकेने तो स्वतः चिकटवला. तिने हात किती वेळा धुतले होते ते मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीबद्दल मी लिहीत नाही. चतुर्थीच्या तोंडावर कोकणात येणाऱ्या गाडीबद्दल सभ्य बाईला लिहिता येत नाही. कणकवलीला उतरलो तेव्हा माझा फ्रॉक माझाच आहे की शेजारणीचा, इतपत शंका होती.

घरी येऊन विचार केला, की ह्या प्रवासातून नेमकं काय हाती लागलं. गॅलरी फुकट आहे हे खरं निघालं, आणि आत जायला-यायला कसलेच पैसे पडले नाहीत हेही. निळा कॅनव्हास मला अजून कळलेला नाही. तळव्यांवर दोराचा वळ आठवडाभर राहिला आणि तो मी दूधवाल्यापासून फादरपर्यंत सगळ्यांना दाखवला. हे वाचून तुम्हाला जावंसं वाटलं तर जा. तन्वीचं प्रदर्शन आता उतरलं, पण तिथे काही ना काही लावलेलं असतंच. चित्र कळलं नाही तर शेजारच्या माणसाशी बोला. न विचारता समजावणारा एक तरी भेटतो.

शेवटच्या दिवशी दोर शेकडो माणसांनी ओढला, असं तन्वीने फोनवर सांगितलं. जगन्नाथ आता फोन आला की माडांकडे जात नाही. फोन तोंडासमोर उभा धरून ओरडतो, आणि मला माझ्या ओसरीवर सगळं ऐकू येतं. त्या दिवशी तो खूश व्हायच्या ऐवजी काळजीत पडला.

"एवढ्यांका वाटो कोण देतलो?" तो विचारत होता. "गो, तुका हसाक काय जाता? हात लावल्यानी नाय तेंनी? तेंका सांग, चतुर्थी झाली काय मालवणाक येवा. वाटो देतंय."

मला वाटलं, बोलायला काय जातंय. काल सकाळी तो गडग्यावर आला.

"फिलूबाय, तुझी वरची खोली रिकामी आसा मां?"

"कित्याक?"

"तो गार्ड येता, बायल-पोरांका घेवन. ती कॉलेजची दोन चेडवा येतत. लिननवालोय फोन करी होतो, संडास घरात आसा काय म्हणान इचारी होतो."

"आणि तन्वी? तिका खोली नको?" मी मुद्दामच विचारलं.

जगन्नाथने माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी अशुभ बोलले.

"तिका खोली कित्याक होयी?" तो म्हणाला. "ती घराक येता."